चेनला तेल नको, मेण द्या!

सायकलवाल्यांनो, चेनला हात लावला की बोटं काळी होतात ना? तेल धूळ धरून ठेवतं आणि त्या काळ्या राडीनेच पिना आणि रोलर झिजतात. मेण गार झालं की कोरडं, घट्ट होतं. त्यावर धूळ फारशी चिकटत नाही.

कृती:
१. चेन काढा. नव्या चेनवरही ग्रीस असतं. टर्पेंटाइनमध्ये खळखळून धुवा, ते स्वच्छ राहीपर्यंत बदला. शेवटी स्पिरिटने धुऊन पूर्ण वाळवा. हे सगळं गॅसपासून लांब! ग्रीस उरलं तर मेण धरतच नाही.
२. पॅराफिन मेण उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा. थेट आचेवर कधीच नको, पेट घेऊ शकतं.
३. चेन बुडवून हलवत राहा. बुडबुडे थांबले की मेण आतपर्यंत पोचलं.
४. टांगून गार करा. चेन काठीसारखी ताठ होते, एकेक कडी वाकवून मोकळी करा.

साधारण ३०० किलोमीटरनंतर किंवा चेन कुरकुरली की पुन्हा मेण. भिजली तर लगेच पुसून वाळवा, नाहीतर गंज चढतो. भर पावसाळ्यात रोज सायकल चालवत असाल, तर तेवढे महिने तेलच बरं. बाकी आठ महिने मेण लावून बघाच!