वेश्याव्यवसाय : परवाना नको, संरक्षण हवे

ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीकडे जाणारे रस्ते पोलिसांनी अडथळे उभारून बंद केले आणि त्या परिसरात वेश्याव्यवसायास मनाई करण्यात आली. आसपासच्या अनेक रहिवाशांनी या कारवाईचे स्वागत केले. वस्तीतील स्त्रिया मात्र निषेधासाठी रस्त्यावर आल्या. आंबागड-तुमसरकडील माणसाला नागपूर हे रोजगाराचे जवळचे मोठे शहर. तेव्हा हा प्रश्न भंडारा जिल्ह्याने परका मानण्याचे कारण नाही. या व्यवसायाला कायद्याची मान्यता द्यावी काय, हा जुना वाद त्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला.

वस्तुतः प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने केलेला देहविक्रय आपल्याकडे गुन्हाच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये तीन स्त्रियांची सुधारगृहातून मुक्तता करताना मुंबई उच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालविणे, त्यासाठी जागा देणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाइकास बोलावणे आणि वेश्येच्या कमाईवर जगणे हा. १९५६ च्या अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियमातील व्याख्येप्रमाणे दोन स्त्रियांनी परस्परांच्या लाभासाठी एकाच खोलीत हा व्यवसाय केला, तरी ती खोली कुंटणखाना ठरते. म्हणजे व्यवसाय गुन्हा नाही, पण सोबतीने व सुरक्षितपणे तो करणे हा गुन्हा, अशी ही विचित्र व्यवस्था आहे.

तिचा आर्थिक परिणाम उघड आहे. घरमालकाला शिक्षेची धास्ती असली की तो त्या धास्तीची किंमत भाड्यात वसूल करतो. उघड तक्रारीची सोय नसली की संरक्षण विकणारा दलाल उभा राहतो. प्रतिष्ठित मार्गाने कर्ज मिळत नसले की सावकार येतो. कायद्याचा धाक ज्यांच्यासाठी म्हणून योजला, ते मध्यस्थ त्यावर पोसले जातात आणि त्याचा सारा भार अखेरीस त्या स्त्रीच्या कमाईवर पडतो.

मग सरकारने परवाने द्यावेत काय? हा उपायही इतिहासात अजमावून झाला आहे. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने हिंदुस्थानात वेश्यांची नोंदणी व सक्तीची वैद्यकीय तपासणी सुरू केली. हेतू सैनिकांच्या आरोग्याचा होता, स्त्रियांच्या नव्हे. १८८८ मध्ये तो कायदा रद्द करावा लागला. परवाना आला की परवान्यावाचून राहिलेल्यांचा नवा वर्ग निर्माण होतो आणि तपासणाऱ्याच्या हाती वसुलीचे नवे साधन येते.

याच्या उलट मार्ग न्यूझीलंडने २००३ मध्ये स्वीकारला. चारपर्यंत स्त्रिया मालकावाचून एकत्र काम करू शकतात. सक्ती व अल्पवयीनांचा व्यापार मात्र दंडनीय राहिला. आपल्या सांगलीत तर १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापून या स्त्रियांनी स्वतःच संघटित बळ उभे केले. निरोध वापरण्याचा आग्रह एकटी स्त्री धरू शकत नाही. संघटित स्त्रिया धरू शकतात.

मान्यतेमुळे मुलींच्या खरेदी-विक्रीस उत्तेजन मिळेल, हा आक्षेप हलका नाही. स्वीडनने १९९९ मध्ये विक्रेत्या स्त्रीला सोडून गिऱ्हाइकाला दंडनीय ठरविले ते याच भीतीने. म्हणूनच अल्पवयीनांच्या व फसवून आणलेल्यांच्या बाबतीत कायदा तसूभरही सैल होता कामा नये. तथापि अशा मुलीची पहिली खबर बहुधा शेजारच्या खोलीतील स्त्रीलाच असते. चौकीत जाताच आपणच आरोपी ठरू, ही भीती असेल तर ती तोंड उघडणार नाही.

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांशी पोलिसांनी सन्मानाने वागावे आणि निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असे निर्देश दिले. पुढचे पाऊल संसदेचे आहे. स्वेच्छेने एकत्र राहणाऱ्या प्रौढ स्त्रियांना कुंटणखान्याच्या व्याख्येतून वगळावे. गिऱ्हाइकास बोलावण्याबद्दल स्त्रीला होणारी कैद रद्द करावी. ज्यांना हा व्यवसाय सोडावयाचा आहे त्यांना पर्यायी रोजगार द्यावाच. पण तो मिळेपर्यंत त्यांना असुरक्षित ठेवणे म्हणजे नीतीचे रक्षण नव्हे.