यूकेत वीज-गॅसची कंपनी बदलायचीय? आधी बिलातले दोन आकडे बघा

ही आपल्या या आठवड्याच्या एपिसोडची लिखित आवृत्ती. यावेळी आकडेमोड बरीच आहे, त्यामुळे कानांनी ऐकलंत तरी एकदा डोळ्यांखालून घाला. स्क्रीनशॉट काढून ठेवला तरी चालेल.

[००:४०] विषय काय आहे?

सप्टेंबर आला की आपल्याकडची बरीच मुलं मास्टर्ससाठी लंडन, लेस्टर, मँचेस्टर, ग्लासगो अशा गावी जातात. सिम घेतात, बँकेत खातं उघडतात, तिघं-चौघं मिळून घर भाड्याने घेतात. आणि मग एक दिवस लेटरबॉक्समध्ये 'टू द ऑक्युपायर' असं लिहिलेलं एक पाकीट पडतं. उघडलं तर वीज आणि गॅसचं पत्र! आपण तर कुठे सहीच केली नव्हती!

सही लागत नाही. आधीचा भाडेकरू ज्या कंपनीची वीज वापरत होता, तीच कंपनी आपसूक तुमची होते. तिकडे याला 'डीम्ड कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. आणि तुम्ही काहीच निवडलेलं नसल्यामुळे तुम्हाला बहुतेक वेळा तिचा नेहमीचा, बदलत्या दराचा टॅरिफ लागतो. त्याचं नाव 'स्टँडर्ड व्हेरिएबल टॅरिफ'.

मग कुणीतरी मित्र सांगतो, "अरे, यूस्विचवर जा, मनीसुपरमार्केटवर जा, पाच मिनिटांत स्वस्त प्लॅन मिळतो." तो चुकीचं सांगत नाही. पण त्या साइटवर सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात जो 'वर्षाला इतके पौंड वाचवा' असा आकडा दिसतो, तो तुमच्या घराचा असेलच असं नाही. आज तेच समजून घेऊ.

[०२:१५] कंपनी बदलते म्हणजे नक्की काय बदलतं?

मोबाइल नंबर पोर्ट करतो ना आपण, तसंच काहीसं. नंबर तोच, फोन तोच, फक्त बिल पाठवणारा बदलतो. इथेही वायर तीच, पाइप तोच, मीटरही तोच. घरात कुणी खोदकाम करायला येत नाही आणि वीज एक मिनिटही जात नाही. बदलतो तो तुम्हाला वीज विकणारा आणि त्याचा दर.

ब्रिटनमध्ये घरगुती ग्राहकांना ही मुभा १९९० च्या दशकाच्या शेवटी मिळाली. १९९९ पर्यंत वीज आणि गॅस दोन्हींचा बाजार घराघरांसाठी खुला झाला होता. कल्पना अशी की लोक महागड्या कंपनीला सोडून जातील, मग कंपन्या दर खाली आणतील. प्रत्यक्षात लोक जागचे हललेच नाहीत. २०१६ मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने, म्हणजे कॉम्पिटिशन अँड मार्केट्स अथॉरिटीने, चौकशी पूर्ण केली. तेव्हा सहा मोठ्या कंपन्यांचे जवळपास ७० टक्के घरगुती ग्राहक त्याच महागड्या डिफॉल्ट टॅरिफवर बसलेले आढळले.

म्हणून १ जानेवारी २०१९ पासून ऊर्जा नियामक ऑफजेमने या डिफॉल्ट टॅरिफवर कमाल मर्यादा घातली. तिचं नाव 'प्राइस कॅप'.

[०४:३०] प्राइस कॅप म्हणजे बिलाची मर्यादा नव्हे

इथे जवळजवळ सगळ्यांचा गोंधळ होतो. बातमी येते, "प्राइस कॅप अमुक पौंड." ऐकणाऱ्याला वाटतं की बिल त्याच्या वर जाणारच नाही. तसं अजिबात नाहीये.

मर्यादा असते ती दोन गोष्टींवर. एक, प्रत्येक युनिटचा दर. एक किलोवॉट-तास म्हणजे एक युनिट, आपल्याकडे असतो तसाच. दोन, रोजचा ठरलेला आकार, ज्याला तिकडे 'स्टँडिंग चार्ज' म्हणतात. महावितरणच्या बिलात 'स्थिर आकार' असतो ना? त्याचाच भाऊ. फरक इतकाच की तो रोजच्या हिशोबाने लागतो. तुम्ही सुट्टीत महिनाभर घरी, साताऱ्याला येऊन बसलात, एकही दिवा लावला नाहीत, तरी तो चढतच राहतो.

मग बातमीतला तो पौंडांचा आकडा कुठून येतो? ऑफजेम एक 'सरासरी घर' धरतं. वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणारं. त्या घराचं वर्षाचं बिल म्हणजे बातमीतला आकडा. तुम्ही जास्त वापरलंत तर जास्त भराल.

आणखी दोन गोष्टी. हा कॅप दर तीन महिन्यांनी बदलतो: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. आणि तुम्ही स्वतः निवडलेल्या फिक्स्ड टॅरिफला तो लागू नसतो. फिक्स्ड प्लॅन कॅपपेक्षा स्वस्त असू शकतो, तसाच महागही असू शकतो. नॉर्दर्न आयर्लंडला राहणाऱ्यांनी हे सगळं जरा बाजूला ठेवा, तिथला नियामक वेगळा आहे.

[०६:५०] आता गंमत बघा: एकच यादी, दोन घरं

समजा साइटवर तुम्हाला फक्त विजेचे दोन प्लॅन दिसतात. हे दर मी समजण्यासाठी घेतलेत, आजचे बाजारभाव नव्हेत.

प्लॅन अ: युनिटला २५ पेन्स, रोजचा आकार ६० पेन्स.
प्लॅन ब: युनिटला २८ पेन्स, रोजचा आकार ४० पेन्स.

पहिलं घर 'सरासरी', वर्षाला २,७०० युनिट. प्लॅन अ मध्ये युनिटचे ६७५ पौंड आणि रोजच्या आकाराचे २१९, मिळून ८९४ पौंड. प्लॅन ब मध्ये ७५६ आणि १४६, मिळून ९०२ पौंड. म्हणजे अ स्वस्त.

दुसरं घर तुमचं. छोटा फ्लॅट, दिवसभर कॉलेज, संध्याकाळी पार्ट-टाइम जॉब. वर्षाला १,८०० युनिट. प्लॅन अ: ४५० अधिक २१९, म्हणजे ६६९ पौंड. प्लॅन ब: ५०४ अधिक १४६, म्हणजे ६५० पौंड. आता ब स्वस्त!

दर तेच, साइट तीच, फक्त वापर बदलला आणि यादीतला पहिला नंबर दुसरा झाला. त्यामुळे साइटने "तुमचा वापर किती?" असं विचारलं की 'मध्यम' किंवा 'मला माहीत नाही' यावर टिचकी मारून पुढे जाऊ नका. ती अंदाज लावते, आणि तो अंदाज दुसऱ्याच कुणाच्या तरी घराचा असतो. बिलावर किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये वर्षाचा वापर किलोवॉट-तासांत लिहिलेला असतो, तोच टाका. घरात नवीन असाल तर महिनाभर दर रविवारी मीटरचा फोटो काढा. आठवड्याचे युनिट कळतील. फक्त हिवाळ्यात हीटिंगमुळे आकडा फुगतो हे लक्षात ठेवा. नोव्हेंबरच्या एका आठवड्याला ५२ ने गुणलंत तर हिशोब चुकेल.

[०९:३०] 'वाचवा' म्हणजे कशाच्या तुलनेत?

साइट 'बचत' दाखवते तेव्हा ती दोन अंदाजांची वजाबाकी असते. एका बाजूला नवा प्लॅन वर्षभर. दुसऱ्या बाजूला, तुम्ही काहीच केलं नाहीत तर वर्षभर काय भराल त्याचा अंदाज. आजचा बदलता दर वर्षभर तसाच राहील असं धरलं असेल आणि तीन महिन्यांनी कॅप खाली आला, तर ती बचत वितळते. कॅप वर गेला तर उलट, फिक्स्ड घेणारा हसतो. म्हणजे फिक्स्ड प्लॅन घेणं ही थोडीशी पैजच असते. पण त्यात एक निश्चिंती असते: दर माहीत असतो. महिन्याचं बजेट काटेकोर असेल तर तिलाही किंमत आहे.

अजून एक. 'महिन्याला ८५ पौंड' असं दिसलं तर ती किंमत समजू नका. वर्षाच्या अंदाजाला १२ ने भागलेलं असतं, इतकंच. युनिट जास्त जळले तर पुढे हा हप्ता वाढतो.

[११:१०] साइटला पैसे कोण देतं?

तुम्ही देत नाही. तुम्ही साइटवरून कंपनी बदललीत की ती कंपनी साइटला कमिशन देते. यात लपवाछपवी नाही, धंदाच तसा आहे. पण त्याचा परिणाम असा की काही साइट्स आधी फक्त तेच प्लॅन दाखवतात जे त्यांच्यामार्फत घेता येतात. त्यामुळे फिल्टर उघडा आणि 'सगळे प्लॅन दाखवा' असा पर्याय शोधा. बाहेर एखादा स्वस्त दिसला तर थेट त्या कंपनीकडे जा.

ऑफजेमचा 'कॉन्फिडन्स कोड' नावाचा एक ऐच्छिक नियमसंच आहे. तो पाळणाऱ्या साइट्सची यादी ऑफजेम देतं. निदान दोन साइट्स तरी ताडून बघा. कंपनीची सेवा कशी आहे ते बघायला 'सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस' ही संस्था कंपन्यांना स्टार देते, तेही बघा. चार पौंड वाचवून फोनवर तासभर ताटकळण्यात अर्थ नाही.

आणि स्वस्त दिसलं म्हणून सगळं संपलं असंही नाही. २०२१ मध्ये गॅसचे घाऊक भाव भडकले तेव्हा काय झालं? यादीत वरच्या नंबरवर दिसणाऱ्या कितीतरी छोट्या कंपन्या बुडाल्या. २०२१ आणि २०२२ मिळून २५ हून अधिक! ग्राहकांची वीज गेली नाही. ऑफजेमने त्यांना दुसऱ्या कंपनीकडे सोपवलं आणि खात्यात जमा असलेले पैसेही सुरक्षित राहिले. पण त्या सगळ्या उलाढालीचा खर्च शेवटी सगळ्यांच्याच बिलात वाटला गेला. त्या काळात कॅपपेक्षा स्वस्त प्लॅनच उरले नव्हते, त्यामुळे या साइट्सवर तुलना करण्यासारखं काही नव्हतं.

[१३:२०] मुंबईकरांनो, हे आपल्याकडेही आहे

ऐकून वाटेल, "हे सगळं परदेशातलं." पण मुंबई उपनगरात राहणाऱ्यांना अशी निवड कधीपासूनच आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टाटा पॉवरचा मार्ग मोकळा झाला आणि २००९ पासून उपनगरातली घरं तिच्याकडे जाऊ शकली. समोर तेव्हा रिलायन्स होती, २०१८ पासून अदानी. वायर एका कंपनीची, वीज दुसरीची. वायर जिची, तिला 'वहन आकार' मिळतो.

पण एक फरक आहे. इथे दोन्ही कंपन्यांचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिले १०० युनिट एका दराने, पुढचे ३०० पर्यंत वेगळ्या. त्यामुळे शेजाऱ्याला स्वस्त पडलेली कंपनी तुम्हाला पडेलच असं नाही. म्हणजे फिरून तोच मुद्दा: स्वतःचे युनिट माहीत हवेत. पुणे-नाशिककरांना मात्र घरासाठी महावितरणशिवाय पर्याय नाही.

[१५:००] यूकेतल्यांनी करायचं काय?

१. घरभाड्यात बिलं धरलेली आहेत का ते करारात बघा. वीज कंपनीला पैसे घरमालक देत असेल तर निवड त्याची. तुम्ही थेट देत असाल तर निवड तुमची.

२. खात्यावर नाव कुणाचं आहे ते बघा. शेअरिंगमध्ये एकाच्याच नावावर खातं ठेवलंत तर उद्या थकबाकीसाठी कंपनी त्याच्याच मागे लागेल. सगळ्यांची नावं घाला.

३. फिक्स्ड प्लॅनमध्ये 'एक्झिट फी' किती आहे ते वाचा. वीज आणि गॅसची फी वेगवेगळी लागू शकते. वर्षभरात घर सोडणार असाल तर हे आधी. मुदतीच्या शेवटच्या ४९ दिवसांत मात्र कंपनी बदलली तर ही फी घेता येत नाही.

४. फ्लॅटमध्ये गॅस नसेल आणि हीटर विजेवर असेल, तर मीटर 'इकॉनॉमी सेव्हन' आहे का ते विचारा. यात रात्रीचे सात तास वीज स्वस्त आणि दिवसा महाग असते. साइटवर साधा मीटर निवडलात तर सगळी तुलना चुकेल.

५. बदल करायचं ठरलं की १४ दिवसांत मन बदलायची मुभा असते. बदल व्हायच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, तारखेसकट. जुनी कंपनी सहा आठवड्यांत अंतिम बिल पाठवायला बांधील आहे. रीडिंगवरून वाद झाला तर हाच फोटो कामाला येतो.

६. कंपनी बदलायला पैसे लागत नाहीत. कुणी फोन करून 'स्विचिंग फी' मागितली, किंवा दारात येऊन बँकेचे डिटेल्स विचारले, तर सरळ नाही म्हणा.

आज रात्री इतकंच करा: बिल उघडा आणि तीन आकडे एका नोटमध्ये लिहून ठेवा. युनिटचा दर, रोजचा आकार, वर्षाचे युनिट. युनिट गुणिले दर, अधिक आकार गुणिले ३६५. फोनच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मग साइट उघडा. तुमचं उत्तर आणि साइटचं उत्तर जुळलं तर खुशाल बदला. जुळलं नाही, तर तिने कुठला वापर धरलाय ते आधी बघा.

यूकेला निघालेला कुणी मित्र-मैत्रीण असेल तर हा भाग त्यांना पाठवा, शक्यतो बॅग भरायच्या आधी. भेटू पुढच्या आठवड्यात!