हेलिकॉप्टरचे पाय

हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं की मान आपोआप वर होते आणि नजर फिरत्या पात्यांवर जाते. पोटाखाली काय लावलंय, हे सहसा कोणी बघत नाही. पण शहरात हे यंत्र कुठे उतरू शकेल, उतरल्यावर जागचं कसं हलेल आणि कधी कोणाच्या जिवावर बेतेल, यातलं बरंचसं पोटाखालच्या त्या सामानावरच ठरतं.

मुंबईत हे नीट बघायचं तर जुहूला जावं. १९२८ साली सुरू झालेला हा विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन उतरले ते इथेच. आता इथे राबता आहे तो मुख्यतः हेलिकॉप्टरांचा. १९८५ मध्ये ‘पवन हंस’ स्थापन झाली तेव्हा ओएनजीसीच्या समुद्रातल्या तेलफलाटांवर माणसं पोचवणं हे तिचं मोठं काम होतं. त्यातलं बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत आहे. पाळीवर निघालेले कामगार लाइफ जॅकेट चढवून हेलिकॉप्टरमध्ये बसतात, आणि त्यांच्या दृष्टीने हा प्रवास म्हणजे निव्वळ ड्युटीवर जाणं असतं. समुद्रावर जाणाऱ्या या मोठ्या यंत्रांना चाकं असतात. लहान हेलिकॉप्टरं मात्र बहुतेक स्किडवर उभी असतात.

स्किड म्हणजे पोटाखालच्या दोन समांतर नळ्या आणि त्यांना सांगाड्याशी जोडणाऱ्या दोन आडव्या कमानी. बेल २०६, रॉबिन्सन आर४४, एअरबस एच१२५ यांचे पाय हेच. ना टायर, ना ब्रेक. वजन कमी आणि बिघडायलाही फारसं काही नाही. उतरताना यंत्र जरा जोरात आपटलं तर कमानी फाकतात आणि दणका स्वतःवर घेतात. मर्यादेपेक्षा जास्त फाकल्या, तर मेकॅनिक मोजमाप घेऊन त्या बदलतो. नळीच्या तळाला कठीण धातूच्या पट्ट्या असतात. डांबर-काँक्रीटवर घासून त्या झिजल्या की फक्त पट्टी बदलायची, नळी शाबूत राहते. एच१२५ च्या स्किडला मागच्या टोकाशी एक लवचीक पोलादी पट्टीही दिसते. पाती फिरत असताना जमिनीवरच्या यंत्रात जी थरथर उठते, ती आवरण्याचं काम तिचं. याच कुळातल्या हेलिकॉप्टरचे स्किड १४ मे २००५ रोजी फ्रेंच वैमानिक दिदिए देल्साल याने एव्हरेस्टच्या माथ्याला टेकवले आणि दोन मिनिटांहून जास्त वेळ टेकवून ठेवले.

एव्हरेस्टवर टेकणारं हेच यंत्र हँगरच्या दारात मात्र लाचार होतं, कारण स्किडवर ते इंचभरही सरकत नाही. इंजिन बंद असेल तर नळ्यांना छोटी सुटी चाकं लावायची, यंत्र उचलायचं आणि माणसांनी ढकलायचं. इंजिन चालू असेल तर जमिनीपासून चार-पाच फुटांवर तरंगत जायचं. तरंगणं म्हणजे यंत्राच्या वजनाला तोलून धरेल इतकी हवा सतत खाली फेकणं. एच१२५ सारखं यंत्र सव्वादोन टनांपर्यंत भरतं. मोकळ्या धावपट्टीवर हा वारा चालून जातो, पण शेजारी दुसरं विमान, पत्र्याची शेड किंवा वाळत घातलेले कपडे असले की तारांबळ उडते.

म्हणून मोठ्यांना चाकं. डॉफिन, सिकोर्स्की एस-७६, एडब्ल्यू१३९ ही चार ते सात टनांच्या घरातली हेलिकॉप्टरं विमानासारखी चालत धावपट्टीपर्यंत जातात, आणि उडाल्यावर चाकं पोटात घेतात. हवेचा अडथळा कमी झाला की वेग वाढतो आणि इंधन वाचतं. आपल्या ‘ध्रुव’मध्ये तर दोन्ही प्रकार आहेत: लष्कर आणि हवाई दलाला स्किड, नौदल आणि तटरक्षक दलाला चाकं. जहाजाच्या डेकवरून हँगरमध्ये हेलिकॉप्टर ढकलत न्यायचं तर चाकंच सोयीची. अर्थात घडीची चाकं कधी अडूनही बसतात. मग वैमानिक तरंगत राहतो, खाली माणसं गाद्या नाहीतर जुने टायर रचतात आणि यंत्र त्यावर अलगद पोट टेकवतं. ऐकायला गंमत वाटते, पण जगात हे अनेकदा झालंय.

चाकांचं आणखी एक दुखणं आहे. टायरमध्ये हवा कमी असली किंवा धक्के शोषणारा दांडा नीट काम करत नसला, तर पात्यांचं डोलणं आणि पायांवरचं यंत्राचं डोलणं यांचा मेळ जमतो. तो जमला की थरथर वाढतच जाते आणि काही सेकंदांत यंत्र स्वतःला मोडून टाकतं. पात्यांना पुरेसा वेग असेल तर वैमानिकाने लगेच जमीन सोडायची, हा त्यावरचा उपाय.

पाय दगा देतात तेव्हा शहर काय भोगतं, हे न्यूयॉर्कने पाहिलं. मॅनहॅटनच्या मध्यावर पॅन अ‍ॅम कंपनीची ५९ मजली इमारत होती आणि तिच्या गच्चीवर हेलिपोर्ट. तिथून ‘न्यूयॉर्क एअरवेज’ प्रवाशांना केनेडी विमानतळावर नेत असे. मध्ये काही वर्षं बंद पडलेली ही सेवा १९७७ च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाली. १६ मे १९७७ च्या संध्याकाळी एक सिकोर्स्की एस-६१ गच्चीवर उभं होतं. पाती फिरत होती, नवे प्रवासी चढत होते. त्याच वेळी उजव्या बाजूचा पाय मोडला. धातू थकून त्याच्या जोडावर आधीच तडा गेला होता. हेलिकॉप्टर कुशीवर कलंडलं आणि ६२ फूट व्यासाचा तो पंखा गच्चीवर आदळून फुटला. वर चार प्रवासी मेले. पात्याचा एक तुकडा खाली मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर पडला आणि रस्त्याने चाललेली एक बाई ठार झाली. इंजिन ठीक, हवा ठीक, आणि यंत्र तर जागेवरच उभं होतं. ते हेलिपोर्ट पुन्हा उघडलं नाही. आज मॅनहॅटनची तिन्ही हेलिपोर्टं नदीकाठाला आहेत. साओ पावलोने मात्र गच्च्यांचीच वाट धरली. तिथले उद्योगपती ट्रॅफिक टाळायला इमारतीवरून इमारतीवर उडतात.

आपल्याकडे गच्च्यांपेक्षा मैदानांचा प्रश्न मोठा. निवडणुका आल्या की तालुक्या-तालुक्यात रोलर फिरतो, चुन्याने वर्तुळात ‘एच’ काढला जातो आणि धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलं जातं. पाणी कमी पडलं तर उतरताना उडणाऱ्या धुळीत वैमानिकाला जमीनच दिसेनाशी होते. जास्त झालं तर स्किड चिखलात रुततो. एक पाय अडकलेला असताना वैमानिकाने उचल घेतली, तर यंत्र त्या पायाभोवती फिरून आडवं होतं. अशा वेळी हातातला दांडा विरुद्ध बाजूला ओढून भागत नाही, उचल कमी करून पुन्हा खाली बसावं लागतं, आणि हे सुचायला एक-दोन सेकंदच मिळतात. ३ मे २०२४ रोजी महाडला प्रचारासाठी आलेलं हेलिकॉप्टर उतरता उतरता कलंडलं. वैमानिक बचावले. अशा तात्पुरत्या मैदानांची पाहणी निवडणुकीच्या धामधुमीत उरकण्याची गोष्ट नव्हे.

गावात हेलिकॉप्टर उतरणार असेल तर एवढं पाळा. पाती थांबेपर्यंत किंवा वैमानिकाची खूण मिळेपर्यंत दोराच्या आत जाऊ नका. जावंच लागलं तर वैमानिकाला दिसाल असे पुढून, वाकून जा. शेपटीकडे अजिबात फिरकू नका, तिथला छोटा पंखा वेगात असताना डोळ्यांना दिसत नाही. जमीन उतरती असेल तर चढाच्या बाजूने जाऊ नका, त्या बाजूला पाती जमिनीच्या जवळ येतात. टोपी, उपरणं, ओढणी हातात घट्ट धरा, आणि पोरांचा हात सोडू नका.