गट जुळला, पण रक्त?

‘ओ निगेटिव्ह कुणालाही चालतं’ हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. अपघात विभागात या एका वाक्यावर रोज जीव वाचतात. तरी ते पुरतं खरं नाही. हे कळायला 1939 ते 1952 अशी तेरा वर्षं लागली, आणि त्यातला सर्वांत मोठा धक्का मुंबईतून आला.

लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये रक्तगट दाखवून दिल्यावर, गट जुळला की रक्त द्यायला हरकत नाही अशी समजूत झाली होती. 1939 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती डळमळली. पोटातलं मूल गमावलेल्या एका बाईला नवऱ्याचं रक्त दिलं. दोघंही ओ गटाचे, तरी तिला जबर रिअ‍ॅक्शन आली. लेव्हिन आणि स्टेटसन यांनी तिचं सीरम गट जुळणाऱ्या 104 जणांच्या पेशींशी ताडून पाहिलं, तर 80 जणांच्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. बाळाला वडिलांकडून मिळालेलं काहीतरी आईच्या शरीराला परकं वाटलं होतं आणि त्याविरुद्ध तिच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाली होती. आज आपण आरएच म्हणतो ते हेच.

काही अँटिबॉडी मात्र पेशीला चिकटतात, पण गुठळी करत नाहीत. नळीत सारं आलबेल दिसतं आणि रुग्णाच्या अंगात पेशी फुटतात. त्यावर 1945 मध्ये केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्स यांनी सहकाऱ्यांसह उपाय काढला. रक्तपेढीतला तंत्रज्ञ आजही तेच करतो. रुग्णाचं सीरम आणि दात्याच्या पेशी एकत्र करून शरीराच्या तापमानाला ठेवायच्या, सलाइनने पुन्हा पुन्हा धुवायच्या, कूम्ब्सचं सीरम घालून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. मग तळाशी बसलेलं लाल बटण हलक्या हाताने झटकायचं. ते धुरासारखं विरघळलं तर ठीक. खडे उठले तर ती पिशवी बाजूला. या सगळ्या तपासणीला, म्हणजे क्रॉसमॅचला, पाऊण-एक तास लागतो, आणि भळाभळा रक्त वाहणाऱ्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो.

1952 मध्ये मुंबईच्या भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी परदेशातल्या सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये एक नवा गट मांडला. काचपट्टीवर हा गट असलेल्या लोकांचं रक्त ओ दिसतं, कारण ए आणि बी दोन्ही नाहीत. पण इतर सर्वांच्या पेशींवर असणारा एच हा पायाच त्यांच्यात नाही, आणि ओ पेशींवर तर तो सर्वांत जास्त असतो. त्यामुळे तातडीचं म्हणून दिलेलं ओ रक्तच त्यांच्या जिवावर उठतं. सीरम ओ पेशींशी लावून पाहिलं तरच हे उघडकीस येतं. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. हाच तो बॉम्बे ब्लड ग्रुप. जगात इतरत्र तो फारच दुर्मीळ, आपल्याकडे त्या मानाने बराच जास्त. म्हणून ही पायरी गाळणं आपल्याला परवडणारं नाही.

तरीही रक्तस्राव थांबत नसेल तर तपासणीसाठी ओ पिशवी अडवून ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. अनपेक्षित अँटिबॉडी थोड्यांच्याच रक्तात असतात, रक्त न मिळाल्याने मात्र माणूस दगावतोच. पण पहिली पिशवी लावण्याआधी नमुना काढून घ्यावा आणि क्रॉसमॅच मागाहून चालूच ठेवावा. खरं काम तर त्याच्याही कितीतरी आधीचं आहे. गरोदर बायका आणि पूर्वी रक्त चढवलेले रुग्ण यांच्यात अँटिबॉडी असण्याची शक्यता जास्त. त्यांचं स्क्रीनिंग निवांतपणी व्हायला हवं. ते आपल्याकडे अजूनही सगळीकडे होत नाही, आणि याची मनापासून खंत वाटते.

अँटिबॉडी सापडली तर रुग्णाला तिच्या नावाचं कार्ड द्यायला हवं. 1951 मध्ये सापडलेल्या किड गटाच्या अँटिबॉडी काही महिन्यांत इतक्या ओसरतात की चाचणी निगेटिव्ह येते. मग बिनदिक्कत रक्त दिलं जातं, शरीराला जुनी ओळख पटते आणि आठवडाभरात रुग्णाचे डोळे पिवळे होतात, हिमोग्लोबिन खाली येतं. अशा वेळी ती अँटिबॉडी पूर्वी होती हे त्या कार्डावरून कळू शकतं.