परतणाऱ्यांपुढील तीन कुंपणे

आयुष्यभर परदेशी राबून निवृत्त झालेला माणूस उज्जैनच्या नानाखेड्यात बिऱ्हाड करो की मालवण-पेडण्यात, त्याच्या मनात परतणे एकच असते. कायद्याच्या लेखी मात्र ते तीन प्रकारचे ठरते. परके नागरिकत्व घेतलेल्यास 'ओसीआय' कार्ड आजीवन व्हिसा देते. मताधिकार देत नाही, शेतजमीनही विकत घेऊ देत नाही. प्राप्तिकर खाते मुक्कामाचे दिवस मोजते. वर्षात १८२ दिवस हा त्याचा मुख्य दंडक. १९९९ चा 'फेमा' कायदा मात्र कायम राहण्याचा हेतू पाहतो. म्हणून 'एनआरई' खाते परतताच बदलून घ्यावे लागते. १८२ दिवस भरण्याची वाट पाहून चालत नाही. त्यावरील व्याजाची करमाफीही तेथेच संपते.

हा भेद न उमगलेल्या वृद्धास नोटीस आली, तर त्याला लबाड ठरविणे अन्यायाचे होईल. परकी चलनासाठी आर्जवे करणाऱ्या बँकांनी खाते उघडतानाच परतीचे नियम खातेदाराच्या भाषेत छापून हाती द्यावेत, असे आम्हांस वाटते. ज्यांच्या पैशाचे आपण स्वागत केले, त्यांच्या म्हातारपणाकडे पाठ फिरविणे शोभणारे नाही.