घर पाहण्याआधी एजंट पाहा

मुलीचे लग्न आणि डोक्यावरचे छप्पर, या दोन गोष्टींसाठी आपल्याकडची बहुतेक कुटुंबे आयुष्यभराची पुंजी बाजूला काढतात. लग्नाचे स्थळ आले की आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. मुलगा कसा आहे, कामधंदा काय, घरात कोण कोण आहे, कुणाचे देणे आहे का, सगळे विचारतो. घराचा सौदा ज्याच्या हाती द्यायचा त्या इस्टेट एजंटची चौकशी मात्र एका वाक्यात संपते. "आपल्याच जमातीतला आहे." "मशिदीत पहिल्या सफमध्ये असतो." "मामूंच्या ओळखीचा आहे."

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसिद्ध रिवायत आहे. एका माणसाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी त्याला विचारले, तू त्याचा शेजारी आहेस का? त्याच्यासोबत कधी प्रवास केला आहेस का? दिरहम-दिनारचा व्यवहार त्याच्याशी कधी केला आहेस का? तिन्ही उत्तरे नकारार्थी आली. तेव्हा ते म्हणाले, की तू त्याला केवळ मशिदीत नमाज पढताना पाहिले असशील. तू त्याला ओळखत नाहीस.

या रिवायतीत नमाजी माणसाविषयी संशय नाही. माणूस व्यवहारात कळतो, एवढेच त्यात सांगितले आहे. म्हणून आमचे म्हणणे असे, की एजंटच्या हाती टोकनची रक्कम जाण्याआधी त्याच्याशी आठ-दहा दिवस छोटा, बिनपैशाचा व्यवहार करून पाहावा. तो फोनला उत्तर देतो का, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो का आणि गैरसोयीच्या प्रश्नालाही देतो का, हे या दिवसांत कळते. पैसे घेण्याआधी जो उत्तर देत नाही, तो पैसे घेतल्यावर देईल ही आशा व्यर्थ आहे.

दलाली हलाल आहे, पण कशाची?

'दलाल' हा शब्द आपल्याकडे जरा हेटाळणीने वापरला जातो. दीनमध्ये मात्र या कामाला स्थान आहे. हजरत कैस बिन अबी गरजा (रजि.) सांगतात, की त्यांना 'समासिरा' म्हणजे दलाल म्हटले जात असे, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना त्याहून चांगल्या नावाने, व्यापारी म्हणून हाक मारली आणि व्यापारात वायफळ बोलणे व शपथा येतात म्हणून त्याला सदक्याची जोड देण्यास सांगितले. इमाम बुखारी यांनी तर दलालीच्या मोबदल्यावर स्वतंत्र प्रकरण दिले असून इब्ने सीरीन, अता, इब्राहीम आणि हसन या बुजुर्गांना त्यात काही गैर वाटत नसे, असे नोंदवले आहे.

मोबदला हलाल आहे तो मेहनतीचा आणि खऱ्या माहितीचा. खरेदी-विक्री करणाऱ्या दोघांनी खरे सांगितले आणि वस्तूतील दोष उघड केला तर त्या सौद्यात बरकत होते. लपवले तर बरकत निघून जाते, हा सहीह हदीसचा आशय आपल्याला माहीत आहे. एजंट या दोघांच्या मधे उभा असतो. दोष त्याला माहीत असतो. तो सांगतो की गप्प बसतो, यावर आपली पुंजी अवलंबून असते.

पारख करावी, सोंग करू नये

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. एजंटची परीक्षा घ्यायची म्हणून खोटे नाव सांगणे, नसलेल्या बजेटचे आमिष दाखवणे, घ्यायचे नसलेले घर दाखवायला लावून त्याचा दिवस वाया घालवणे, हे आपल्याला शोभत नाही. खोटे ते खोटेच. त्याची गरजही नाही. आपले खरे काम, खरे बजेट आणि खरा प्रश्न घेऊन दोन-तीन एजंटांकडे जावे. प्रत्येकाला तेच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत.

पहिला फोन

फोन लगेच उचलला नाही म्हणून एजंट वाईट ठरत नाही. तो कुणाला तरी घर दाखवत असेल, दुय्यम निबंधक कार्यालयात रांगेत असेल, शुक्रवारी जुम्याला गेला असेल. पाहायचे ते हे, की तो परत फोन करतो का. कामाच्या एका दिवसात उलटा फोन किंवा निरोप आला तर ठीक समजावे. दोनदा फोन आणि एकदा मेसेज करूनही तीन दिवस काही आले नाही, तर पुढचे नाव घ्यावे.

लेखी तीन प्रश्न

व्हॉट्सॲपवर एकाच मेसेजमध्ये तीन प्रश्न पाठवावेत. भाड्याचे घर असेल तर: डिपॉझिट किती आणि घर सोडताना ते किती दिवसांत परत मिळते? मेंटेनन्स भाड्यात धरला आहे का? पाणी किती वाजता आणि किती वेळ येते?

काही जण तिन्ही प्रश्नांना बगल देऊन बारा फोटो पाठवतात. काही जण "या तर खरे, समोरासमोर बोलू" म्हणतात. एखादाच असा निघतो, जो दोनांची उत्तरे देऊन तिसऱ्याला "मालकाला विचारून संध्याकाळी सांगतो" म्हणतो आणि संध्याकाळी खरेच सांगतो.

आम्ही भाड्याचे घर शोधत होतो तेव्हा असेच तीन प्रश्न दोघांना पाठवले. एकाने दहा मिनिटांत उत्तर दिले: "सगळे सेट आहे, टेन्शन घेऊ नका, टोकन आणा." दुसऱ्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यात लिहिले होते, की पाणी सकाळी एक तास येते, उन्हाळ्यात टँकर लागतो आणि त्याची वर्गणी वेगळी द्यावी लागते. आम्ही दुसऱ्याला नेमले. नुसता वेग पाहायचा असता तर पहिलाच जिंकला असता.

अवघड जाणारा प्रश्न

घर विकत घ्यायचे असेल तर एक प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारावा: "इमारतीला बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी आहे का? प्रत पाठवाल का?"

हा प्रश्न केवळ कागदाचा नाही. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथील लकी कंपाउंडमध्ये बेकायदा उभी राहिलेली इमारत कोसळली. बांधकाम सुरू असतानाच तिच्यात कुटुंबे राहत होती. 74 जीव गेले, त्यांत लहान मुलेही होती. स्वस्त घराच्या ओढीने आपल्यातली कितीतरी कुटुंबे अशा इमारतींत जातात. "इथे कुणाकडेच ओसी नाही, सगळे असेच राहतात" हे उत्तर ज्याच्याकडून येईल, त्याने निदान खरे सांगितले म्हणावे आणि ते घर सोडून द्यावे. "आहे ना, देतो" म्हणून जो महिनाभर प्रत देत नाही, त्याला आणि घराला, दोघांनाही सोडावे.

नावाचा प्रश्न

आपल्या कुटुंबांना आणखी एक कसोटी लावावी लागते. आडनाव ऐकून घर नाकारले जाण्याचा अनुभव मुंबई-पुण्यात नवा नाही. मुस्लिमांना हव्या त्या वस्तीत घर विकत किंवा भाड्याने मिळणे कठीण जाते, याची नोंद सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालातही आहे. नकार मिळतोच, शिवाय त्यासाठी अर्ध्या दिवसाचा खाडा होतो, रिक्षाचे पैसे जातात आणि मुलांसमोर मान खाली घालावी लागते.

म्हणून पहिल्याच फोनवर आपले पूर्ण नाव सांगावे आणि म्हणावे, "मालकाला आणि सोसायटीला आधी विचारा, मगच आम्हाला बोलवा." चांगला एजंट, तो कोणत्याही धर्माचा असो, विचारतो आणि नकार आला तर तसे सांगतो. हा निरोप द्यायला त्यालाही जड जाते, तरी तो देतो. "आत्ता नाव सांगू नका, नंतर मी मॅनेज करतो" असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. आपले नाव लपवून मिळालेल्या घरात स्वस्थ झोप लागत नाही.

याची दुसरी बाजूही पाहावी. "तुम्ही मुंब्रा बघा", "तुम्ही कोंढवाच बघा" असे म्हणून काही एजंट आपण न विचारताच आपली वस्ती ठरवून टाकतात. आपण सांगितलेली जागा, मुलांची शाळा, नोकरीचे अंतर त्याने ऐकून घेतले का? न ऐकणे म्हणजेच उत्तर न देणे.

घरातल्या बाईचा फोन

घरात सर्वात जास्त वेळ घालवणारी व्यक्ती बहुधा अम्मी किंवा सून असते. स्वयंपाकघरात उजेड किती, जिन्यावर दिवा आहे का, शाळेची बस कुठे थांबते, हे प्रश्न तिचे असतात. एक फोन तिने करावा. अदबीने, पूर्ण उत्तर मिळते का पाहावे. "भाईसाहेबांना फोन द्या" म्हणणारा एजंट उद्या पाइप गळू लागल्यावर तिचे ऐकणार नाही.

व्याज नको म्हटल्यावर

व्याजाचे कर्ज टाळणारी अनेक कुटुंबे आहेत. त्यांनी ते पहिल्या भेटीतच सांगावे: रोख बजेट एवढे, हप्ते थेट विक्रेत्याकडे ठरले तर चालतील, बँकेचे कर्ज नको. त्यानंतर एजंट काय दाखवतो ते पाहावे. पुढच्या चार फोनांत चार वेळा "कर्ज करून देतो, पटकन होते" असेच येत असेल, तर त्याने आपले ऐकलेच नाही. लहान घर, जुनी इमारत किंवा थोडे दूरचे ठिकाण का होईना, पण बजेटमधले पर्याय घेऊन येणारा कामाचा.

परदेशातून घर घेताना

रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष आखातात आहेत आणि घर घेतले जाते पनवेल, मीरा रोड किंवा गावाजवळच्या शहरात. त्यांच्यासाठी एजंटचे उत्तर हेच डोळे आणि कान. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी अडीच तास. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एजंटने व्हिडिओ कॉलवर घर दाखवावे. त्यात जिना, गच्ची, पाण्याची टाकी आणि खिडकीबाहेरचे दृश्य दाखवायला सांगावे. एकदा वेळ चुकली तर माणूस आहे म्हणून सोडावे. तीनदा चुकली तर कुलमुखत्यारपत्राचा विषयच काढू नये.

घाईची कसोटी

"दुसरी पार्टी उभी आहे, आजच टोकन द्या." हे वाक्य प्रत्येकाला ऐकावे लागते. कधी ते खरेही असते. अशा वेळी शांतपणे एक दिवस मागावा आणि कागदांच्या प्रती मागाव्यात. आपल्याला तो एक दिवसही द्यायला जो तयार नाही, त्याची घाई त्याच्या दलालीची आहे. आणि "दुसऱ्याचे टोकन झाले आहे, पण तुमच्यासाठी मोडून देतो" असे कुणी म्हटले, तर थेट नकार द्यावा. आपल्या भावाच्या सौद्यावर सौदा करू नये, हे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. आज जो दुसऱ्याचा सौदा मोडतो, तो उद्या आपलाही मोडेल.

नेमताना कागद

कसोटीला उतरलेल्या एजंटशीही व्यवहार लेखी असावा. ठराविक मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरहच्या 282 व्या आयतीत आहे.

- दलाली किती, कोणत्या टप्प्यावर आणि सौदा मोडल्यास काय, हे मेसेजवर का होईना लिहून घ्यावे. दोन्ही बाजूंकडून दलाली घेणार असेल तर तेही त्याने सांगावे.
- नव्या, नोंदणीकृत प्रकल्पातले घर विकणाऱ्या एजंटला रेरा कायदा, 2016 नुसार महारेराची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीशिवाय काम केल्यास दिवसाला 10,000 रुपये, कमाल मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणी क्रमांक मागावा आणि महारेराच्या संकेतस्थळावर पडताळावा. क्रमांक विचारल्यावर रागावणारा एजंट हेही एक उत्तरच आहे.
- अशा प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.
- भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार आवश्यक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. "साध्या स्टॅम्पपेपरवर करू, खर्च वाचेल" हा सल्ला मानू नये.
- टोकन असो वा दलाली, पैसे बँकेतून द्यावेत आणि पावती घ्यावी.

आपलीही बाजू

उत्तर देण्याची अपेक्षा एकतर्फी नसावी. घर पसंत नसेल तर तसे त्याच दिवशी कळवावे. भेटीला जाता येत नसेल तर आधी सांगावे. ज्यांना नेमायचे नाही त्यांनाही "दुसरीकडे ठरले, शुक्रिया" एवढा निरोप द्यावा. त्यांनीही आपल्यासाठी वेळ दिलेला असतो.

आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, एजंटने दाखवलेले घर त्याच्या पाठीमागे मालकाशी परस्पर ठरवून त्याची दलाली बुडवू नये. काहींना यात हुशारी वाटते. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण सांगणाऱ्यांच्या घरात तरी हे होऊ नये. ठरलेली दलाली किल्ली हाती पडताच द्यावी, त्यासाठी त्याला चकरा मारायला लावू नये.

पुढच्या वेळी नातेवाइकांत कुणी घर शोधत असेल, तर त्यांना एजंटचा नंबर देताना "ओळखीचा आहे" एवढेच सांगू नका. त्याने आपल्याला कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले होते आणि ते खरे निघाले का, तेही सांगा. ओळख देणे ही ग्वाही आहे आणि ग्वाही ही अमानत.