आपलं मौजे कोणतं?

नगररचना कायद्याचं कलम 37 या आठवड्यात घेतो म्हटलं होतं. ते राहू द्या, ते कुठे पळून जात नाही. गेल्या लेखावर आलेल्या पत्रांमध्ये घोडबंदर रोडवरच्या एका संकुलात राहणाऱ्या बाईंचं पत्र आहे आणि ते मला स्वस्थ बसू देत नाही. त्या लिहितात, की ठाण्याच्या प्रारूप विकास आराखड्यावर त्यांनीही सूचना दिली होती. आमच्या भागात मुलांना खेळायला जागा नाही, म्हाताऱ्या माणसांना टेकायला बाग नाही, याचा विचार व्हावा, एवढीच. पोच मिळाली. शेजारी म्हणाले, कागद वाया घालवलात. आता त्या मला विचारतात, की खरंच वाया गेला का?

पत्राच्या वर त्यांनी स्वतःचा पूर्ण पत्ता दिलाय. संकुलाचं इंग्रजी नाव, विंग, मजला, कुठल्या दुकानासमोर, पिनकोड. पोस्टमन डोळे मिटून पोचेल. आराखड्याच्या नकाशावर मात्र यातलं काहीही नाही. तिथे संकुल नाही, विंग नाही, दुकान तर नाहीच. तिथे आहे मौजे कावेसर, मौजे वडवली, मौजे ओवळे, मौजे कोलशेत. रेषांनी पाडलेले तुकडे आणि प्रत्येक तुकड्यात एक आकडा. बाईंची सूचना 'आमच्या भागात' या दोन शब्दांवर उभी होती आणि तो भाग नकाशात सापडत नव्हता.

हरकतींची यादी कशी बनते ते एकदा जवळून पाहा. तक्ता असतो. अनुक्रमांक, हरकतदाराचं नाव, गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा, आरक्षणाचा किंवा रस्त्याचा तपशील, आणि शेवटी 'हरकतीचा थोडक्यात मजकूर'. ज्याने हे रकाने भरता येतील असं लिहिलं, त्याची ओळ तक्त्यात ठसठशीत उमटते. ज्याने नाही लिहिलं, त्याच्या रकान्यांत आडव्या रेघा पडतात आणि तो 'सर्वसाधारण' या गठ्ठ्यात जातो. मग कलम 28 ची नियोजन समिती बसते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारकडून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार, हे गेल्या वेळी झालंच. त्या समितीपुढे नकाशा उघडला जातो आणि सर्व्हे नंबरावर बोट ठेवून चर्चा होते. 'सर्वसाधारण'वर बोट कुठे ठेवणार?

बाईंचा कागद वाया गेला, असं मी म्हणणार नाही. त्याला जागा नव्हती, एवढं म्हणेन.

गंमत अशी, की ज्या गावांना आपण टॉवरांखाली गाडून टाकलं असं समजतो, ती महसुली दप्तरात ठणठणीत आहेत. पाचपाखाडी, माजिवडे, बाळकुम, चितळसर मानपाडे. कल्याणात चिकणघर, गंधारे, बारावे, वाडेघर. डोंबिवलीत चोळे, आयरे, गजबंधन पाथर्ली. ठाकुर्लीच्या फलाटावर उतरून घरी जाणाऱ्या किती जणांना आपण मौजे चोळ्यात राहतो हे ठाऊक असेल? ठाण्याच्या जुन्या भागात तर आणखी वेगळा मामला. नौपाड्यात, चेंदणीत सिटी सर्व्हे झालेला, त्यामुळे तिथे 'टिका नंबर' आणि त्याखाली सिटी सर्व्हे नंबर. सातबारा शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, तिथे मिळकत पत्रिका बघायची.

हे सगळं शोधायला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात, हा मात्र गैरसमज. फ्लॅट विकत घेतला असेल तर उत्तर कपाटातच आहे. करारनामा काढा. पहिली पंधरा-वीस पानं 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी' यांत जातील, ती सोडून द्या. शेवटाकडे परिशिष्ट असतं, मिळकतीचं वर्णन. 'तुकडी व जिल्हा ठाणे, तालुका ठाणे, मौजे अमुक, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र' असं ओळीने येतं आणि खाली चतुःसीमा. पूर्वेस काय, पश्चिमेस काय. कधी कधी तिथे 'पश्चिमेस नाला' असं असतं आणि आज पश्चिमेस नाला नसतो, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. इंडेक्स टूवरही हेच वर्णन थोडक्यात मिळतं. एक काळजी घ्या, ठाण्यातल्या बऱ्याच गावांत जुना आणि नवा असे दोन सर्व्हे नंबर चालतात. दोन्ही लिहा. नकाशावर कुठला छापलाय, यावर तुमची हरकत अडकायला नको.

आता मूळ दुखण्याकडे येतो. कायदा म्हणतो, हरकत कोणीही घ्यावी. मालकी दाखवा, सातबारावर नाव दाखवा, अशी अट नाही. भाडेकरू घेऊ शकतो, रिक्षावाला घेऊ शकतो. पण ती लिहिण्याची भाषा ज्याला जन्मापासून येते तो एकच, जमीनमालक. त्याचा सर्व्हे नंबर त्याला मुलाच्या नावासारखा पाठ असतो. सोबत आर्किटेक्ट असतो, वकील असतो, मोजणीचा नकाशा जोडलेला असतो. आणि त्याची मागणी एका वाक्यात बसते: 'सदर जागा उद्यानाच्या आरक्षणातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करावी.' हे वाक्य मी इतक्या फायलींत वाचलंय, की झोपेत म्हणून दाखवीन.

यात त्याची चूक नाही बरं का. बापजाद्यांच्या शेतीवर बागेच्या आरक्षणाचा हिरवा रंग पडला आणि वर्षानुवर्षं ना पैसे ना टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क), तर माणूस ओरडणारच. गावठाणात आणि कोळीवाड्यात रुंद रस्त्याची रेघ घरांवरून गेली की सगळं गाव पालिकेच्या दारात येतं, आणि यायलाच हवं. माझं म्हणणं वेगळं आहे. आरक्षण नको असणारा माणूस समितीपुढे हजर असतो. आरक्षण हवं असणारा नसतो. कारण त्याला वाटतं, नकाशात बाग दाखवलीच आहे की! आपण काय हरकत घ्यायची? तो समाधानाने घरी बसतो आणि समितीपुढे त्या बागेच्या बाजूने बोलणारा एकही कागद नसतो. एकतर्फी सुनावणी म्हणतात ती ही. बाग कुणी चोरून नेत नाही, ती रीतसर, तारीख लावून, इतिवृत्तात नोंदवून जाते.

म्हणून वर्षानुवर्षं सांगत आलोय, कुणी ऐकत नाही तरी सांगतो. जे पटलंय तेही लिहा. कायद्यात हरकत आणि सूचना असे दोन्ही शब्द आहेत. 'मौजे अमुक, सर्व्हे नंबर तमुक यावर प्रस्तावित केलेलं खेळाच्या मैदानाचं आरक्षण आवश्यक असून ते कायम ठेवावं' ही चोख सूचना झाली. ती यादीत आली, की त्याच सर्व्हे नंबरावर मालकाची एक ओळ आणि तुमची एक ओळ अशा दोन ओळी समोरासमोर येतात. आता समितीला दोघांचं ऐकून काहीतरी लिहावं लागतं.

इंदूरची एक गोष्ट यावरून आठवली. विषयाला सोडून आहे असं वाटेल, पण आहे आपल्याच घरातली. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार. पुढे 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला तो. त्याच्या आधी होळकरांनी त्याला इंदूरला बोलावलं होतं. 1918 साली त्याने दरबाराला दिलेला दोन खंडांचा अहवाल आजही नगररचनेचे विद्यार्थी चाळतात. त्या दिवसांत इंदुरात प्लेगची दहशत होती. नकाशे घेऊन गल्लीबोळांत फिरणाऱ्या या गोऱ्या म्हाताऱ्याकडे लोक संशयाने बघायचे, हा आपली घरं पाडायला आलाय म्हणून. त्याच्या चरित्रात सांगितलं जातं, की त्याने महाराजांकडे एक दिवसाचं राज्य मागून घेतलं आणि दिवाळीची मिरवणूक जाहीर केली. ठरलेल्या रस्त्याने मात्र नाही. ज्या आळीतली जास्तीत जास्त घरं झाडून, दुरुस्त करून, रंगवून झालेली असतील त्या आळीतून मिरवणूक जाणार. मग काय, सारं इंदूर झाडू घेऊन बाहेर पडलं. मिरवणुकीत रावणाच्या जोडीला प्लेगचा भलामोठा उंदीरही होता म्हणतात.

गेडिसने 'नागरिकांनी सूचना कराव्यात' असं फर्मान काढलं असतं तर चार अर्ज आले असते. त्याने प्रश्न आळीवर आणला. आमच्या आळीतून मिरवणूक जाणार का नाही? आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मसुदा राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतो, ती जाहिरात भिंगाशिवाय वाचता येत नाही, नकाशे पालिकेच्या एखाद्या मजल्यावर टांगलेले. घरावरून जाणारा रस्ता माणसाला हरकतींच्या मुदतीचे तीस दिवस उलटून गेल्यावर कळतो.

कॅनडात निदान एवढं तरी बरं केलंय. टोरंटोसारख्या शहरात एखाद्या भूखंडावर मोठं बांधकाम करण्याचा अर्ज आला, की त्या भूखंडावरच जाड अक्षरांतला फलक रोवतात. इथे इतक्या मजल्यांचा प्रस्ताव आहे, मत द्यायचं तर इथे द्या. ऑन्टारियोच्या नियोजन कायद्यात जाहीर सभा घेणं बंधनकारक आहे आणि सभेची सूचना किमान वीस दिवस आधी द्यावी लागते. मिसिसॉगा-ब्रॅम्प्टनकडे आपली बरीच मंडळी आहेत, त्यांनी कुत्र्याला फिरवताना हे फलक वाचलेले असतील. आपल्याकडेही बांधकामाच्या पत्र्याबाहेर फलक असतो. फक्त तो परवानगी मिळाल्यानंतर लागतो.

पण तिथलं सगळंच गोड मानू नका. जाहीर सुनावण्यांना येतो कोण? ज्याचं घर आधीच झालंय तो. नव्याने घर शोधणारा भाडेकरू येत नाही, कारण तो अजून त्या गल्लीत राहतच नाही. शेजारी येऊन उंच इमारतींना विरोध करत राहिले, घरं महाग होत गेली, आणि शेवटी 2023 साली ब्रिटिश कोलंबिया प्रांताने कायदाच बदलला. शहराच्या मंजूर आराखड्याशी जुळणारा निवासी प्रकल्प असेल तर त्याच्या झोनबदलासाठी जाहीर सुनावणी घ्यायची नाही. म्हणजे त्यांनी भांडण आराखड्याच्या टप्प्यावरच करा म्हणून सांगितलं. आपल्याकडे जमीनमालक, तिकडे घरमालक. सुनावणीला जो येतो त्याच्या बाजूला ती झुकते, हे दोन्हीकडे सारखंच.

ठाण्याकडे परत येतो. जुना आराखडा 1999 साली मंजूर झालेला, सुधारित मसुदा आला 2024 साली. निदान वीस वर्षांतून एकदा सुधारणा व्हावी, असं कायदा म्हणतो. आणि मसुदा आला तेव्हा पालिकेत नगरसेवक नव्हते. मुदत मार्च 2022 मध्ये संपलेली, कारभार प्रशासकाकडे. एरवी ज्या माणसाच्या ऑफिसात जाऊन 'दादा, आमच्याकडून रस्ता जातोय का?' असं विचारता येतं, तो माणूसच खुर्चीवर नव्हता. अशा वेळी लेखी कागदाचं वजन वाढतं, कमी होत नाही.

कल्याण-डोंबिवलीकरांना आणखी एक पेच. हरकत द्यायची कुणाकडे? 27 गावं 1983 साली पालिकेत आली, 2002 मध्ये बाहेर गेली, 2015 मध्ये पुन्हा आत. मार्च 2020 मध्ये त्यातली 18 वगळण्याची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने ती रद्द केली. पालिकेबाहेर असताना या गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे गेलं होतं. डोंबिवली एमआयडीसीच्या निवासी विभागाचं नियोजन प्राधिकरण आणखी वेगळं, खुद्द एमआयडीसी. मालमत्ता कर भरतो तिथेच हरकत द्यायची, असं धरून चाललात तर कागद चुकीच्या दारात पडतो. नोटिशीच्या डोक्यावर कुणाचं नाव आहे ते आधी वाचा.

एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स काढून सह्या गोळा करण्याबद्दलही दोघांनी पत्रांतून विचारलंय. करा, दबाव म्हणून उपयोग होतो. 2016 साली मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रादेशिक आराखड्याचा मसुदा आला तेव्हा वसईकरांनी हरित पट्टा वाचवायला गठ्ठ्यांनी हरकती दिल्या होत्या. त्यामागे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंपासूनची हरित वसई चळवळीची तालीम होती. मुंबईचा विकास आराखडाही फेब्रुवारी 2015 मध्ये आला आणि चुकांवरून एवढा गदारोळ उठला, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला लावला. पण तिथेही लोकांनी नुसतं 'आराखडा वाईट' म्हटलं नव्हतं. अमुक रस्त्यावरची ही इमारत इथे नाही, हे प्रार्थनास्थळ चुकीचं दाखवलंय, असं एकेक दाखवून दिलं होतं. एका छापाच्या पाचशे कागदांची सुनावणी बहुधा एकत्रच उरकतात. त्याच पाचशेंपैकी वीस जणांनी वीस वेगवेगळ्या आरक्षणांवर लिहिलं, तर वीस ओळी होतात.

तर घोडबंदरच्या बाई, तुम्ही पुढच्या वेळी असं लिहा. आधी करारनाम्यातून तुमचं मौजे काढा. मग नकाशात तुमच्या संकुलापासून चालत जाण्याच्या अंतरावर हिरवा तुकडा कुठे आहे ते बघा. पिवळा म्हणजे रहिवास, निळा म्हणजे वाणिज्य, हे आता तुम्हाला पाठ असेल. हिरवा सापडला तर त्याचा सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांक देऊन 'कायम ठेवावं' लिहा. नाही सापडला, तर आसपासची सरकारी किंवा मोकळी जागा शोधून तिच्या नंबरासकट 'येथे मैदानाचं आरक्षण प्रस्तावित करावं' असं लिहा. शेवटी एक ओळ न विसरता घाला: 'मला समक्ष सुनावणी मिळावी.' नकाशाच्या त्या तुकड्याची झेरॉक्स जोडून लाल पेनाने गोल करा. पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख नीट उमटलीय ना, ते तिथेच खिडकीशी बघून घ्या.

आणि आराखडा समितीकडून पुढे सरकारकडे गेला, म्हणजे सुटलो असं नाही. सरकारने त्यात मोठे बदल केले तर तेवढ्या भागावर पुन्हा हरकती मागवतात. ती नोटीस पहिल्या नोटिशीपेक्षाही लहान अक्षरात असते आणि तिकडे कुणाचंच लक्ष नसतं. मंजुरीनंतरही कलम 37 ने एकेक आरक्षण बदलता येतं, कलम 127 ने ते गळून पडू शकतं. म्हणजे टाळलेलं 37 अखेर आलंच. पुढच्या आठवड्यात त्याच्याशी दोन हात करू, 127 लाही सोबत घेऊ. मध्ये आणखी एखादं असं पत्र आलं नाही तर.